साग, ओक, ॲश, बीच, शिसम: जेवणाच्या टेबलासाठी कोणती फळी घ्यावी

फळी निवडताना नजर आधी रुंद बाजूवरच्या नक्षीकडे जाते. पारख मात्र टोकाकडून सुरू करा. टोकाला करवतीने ताजा काप घ्या, त्यावर ओलं फडकं फिरवा, वाढीची वलयं स्पष्ट दिसतील. ती रुंदीला जवळजवळ समांतर असतील तर वरच्या बाजूला कमानींसारखी मोठी नक्षी येते. ६० ते ९० अंशांत उभी असतील तर सरळ, समांतर रेघा मिळतात. कोणती नक्षी आवडते हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण लाकूड वलयाच्या बाजूने जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं, आणि टेबलाचं पुढचं आयुष्य या फरकावर ठरतं.

९० सेंटीमीटर रुंदीचा माथा, म्हणजे टेबलाची वरची फळी, धरू. लाकडातली आर्द्रता १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली, तर आडव्या वलयांचा (टोकाला रुंदीला समांतर वलयं असलेला) रेड ओक सुमारे १३ मिलिमीटर आक्रसतो, उभ्या वलयांचा ६ मिलिमीटरच्या आत राहतो. सागाचे हेच आकडे साधारण ७ आणि साडेतीन. म्हणजे आडव्या वलयांचा साग आणि उभ्या वलयांचा ओक जवळपास सारखेच हलतात, म्हणजे आक्रसतात-फुगतात! म्हणून नुसत्या लाकडाच्या नावावर निर्णय घेऊ नये.

तरीही मोठ्या माथ्यासाठी आमची पहिली पसंती सागालाच. तो कमी हलतो आणि त्याचा गाभा वाळवी व बुरशीला चांगला टिकतो. बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला हा गुण नाही, ते सरळ कापून टाका. सागात सिलिका (वाळूत असतो तो कठीण पदार्थ) असल्याने साधी पाती लवकर बोथट होतात, कार्बाइडची (जास्त कठीण धारेची) वापरा. तेलकटपणामुळे सांधे सुटतात. जोडायच्या कडा ताज्या रंधून ॲसिटोनने पुसा आणि लगेच सरस लावा.

ओकमध्ये रेड आणि व्हाइट हा फरक महत्त्वाचा. छोट्या तुकड्याच्या एका टोकाने फुंकर मारा: रेड ओकमधून हवा आरपार जाते, व्हाइट ओकची छिद्रं भरलेली असतात. जिथे पाणी सांडतं तिथे व्हाइटच घ्या. उभ्या वलयांच्या फळीत ओकवर चमकदार चट्टे उठतात, इतर लाकडांत इतके ठसठशीत क्वचितच दिसतात. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी स्क्रूभोवती ओल लागताच काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू लावा.

ॲश दिसायला ओकच्या जवळचा, पण त्यावर ते चट्टे नाहीत. लवचीक असल्याने खुर्चीच्या वाकवलेल्या पाठीला उत्तम, उघड्यावर मात्र टिकत नाही. निवडताना वलयं फार दाट असतील तर ती फळी सोडा. ॲश आणि ओक दोघांतही दाट वलयं म्हणजे छिद्रांचा भाग जास्त, लाकूड हलकं आणि ठिसूळ. गुळगुळीत माथा हवा असेल तर दोघांनाही आधी छिद्रं भरणारा फिलर लागतो.

बीच एकसारखा, बारीक पोताचा, वाफेवर छान वाकतो. पण तो ओकपेक्षाही जास्त हलतो. पाय, खुर्च्या, पट्ट्या यांना घ्या, रुंद माथ्याला नको.

शिसमच्या गडद पट्ट्या देखण्या. तंतू मात्र एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे रंधताना एका पट्ट्यात साफ आणि शेजारच्यात खपल्या निघतात. पातं धारदार ठेवा, बारीक काप घ्या, शेवटचा हात स्क्रॅपरने (खरवडायच्या पातळ पोलादी पट्टीने) फिरवा. पांढऱ्या रसकाष्ठाला किडा लागतो, ते ठेवू नका.

लाकूड कोणतंही असो, माथा चौकटीला घट्ट स्क्रूने आवळला की फुटलाच म्हणून समजा. मध्ये पक्का करा, कडांना तंतूंच्या आडव्या दिशेने लांबट भोकं पाडून वॉशरसह स्क्रू लावा.

पायांसाठी तंतू कडेला तिरके बाहेर पडत नाहीत ना, ते पाहा. दहा सेंटीमीटरला एक सेंटीमीटर तिरपेपणा आला की वाकण्याविरुद्धची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, पाचाला एक झाला की जवळपास निम्मी उरते. आणि पायाच्या टोकाला वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी येतील असा तुकडा निवडा, म्हणजे चारही बाजूंना सारख्या सरळ रेघा दिसतात.