मांडवीजवळचं तबला दुरुस्तीचं दुकान, बिनधास्त द्या

बडोद्यात तबल्याची पुडी (वरचं चामडं) बदलायची असेल तर मांडवीच्या आतल्या गल्लीतल्या चाचांकडेच द्या, असं मी आता सगळ्यांना सांगते. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांना घेऊन गायनशाळा काढली तेच आपलं सुरसागर तलावाजवळचं म्युझिक कॉलेज, तिथली मुलंही चाचांकडे तबले टाकतात.

चाचा तारीख दिली की म्हणणार, "गुरुवारे आपी दईश, इन्शाअल्लाह," म्हणजे गुरुवारी देईन, अल्लाहची मर्जी असेल तर. आमच्या भजनी मंडळात हे ऐकून एकदोघी म्हणाल्या, झालं, लटकलं काम. पण तसं अजिबात नाही हो. लटकवणारा मला आधी भेटलाय, आपल्यातलाच, "देवाच्या मनात असेल तर होईल" म्हणत राहिला, एक तारीख देईना आणि गणपती उठून गेले तरी माझा डग्गा (डाव्या हाताचा) त्याच्याकडेच. चाचा आधी दिवस सांगतात, मग देवाचं नाव घेतात, हा फरक फार मोठा आहे.

मी म्हटलं चाचा पक्कं सांगा ना, तर त्यांनी अर्धी झालेली पुडीच समोर धरली. लोखंडाचा कीस आणि खळ कालवून शाईचा, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचा, पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं, मग वर पुढचा थर, असे कितीतरी, आणि त्या घोटण्याने शाईला बारीक बारीक भेगा पडल्या तरच बोल खुलतो. पावसाळ्यात थर सुकत नाही, चामडं ओल धरतं. म्हणाले, घोटणं माझ्या हातात, ऊन नाही. कुराणात सूरह कहफमध्ये (१८, आयत २३-२४) सांगितलंय की उद्या हे करीनच असं अल्लाहची मर्जी म्हटल्याशिवाय म्हणू नका, तेही त्यांनीच सांगितलं. माझी आजी पंढरीची तिकिटं हातात असली तरी "पांडुरंगाने नेलं तर जाऊ" म्हणायची आणि पिशवी मात्र आदल्या रात्रीच भरून ठेवायची, मला तेच आठवलं.

गुरुवारी भुरभुर होती तर सकाळीच चाचांचा स्वतःहून फोन, शाई ओली आहे, शनिवारी घ्या. शनिवारी तयार! गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) नवा, वादी ताणलेली, तबला काळी चार पट्टीला अगदी चपखल लागला आणि किनारीवरचा "ना" हा बोल काय सुंदर वाजतोय.

पैसे थोडे जास्त घेतात पण घासाघीस करू नका, काम तसं आहे. शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं, गाडी बाहेरच लावा, आणि गणपतीसाठी हवा असेल तर श्रावण लागायच्या आधीच नेऊन द्या.