बॉयलर स्टोव्हचे आठ महिने: सगळी मेख परतीच्या पाण्यात

लाकडावर खोली आणि पाणी दोन्ही तापवणारा हा बॉयलर स्टोव्ह १२ किलोवॉटचा. त्यातले ४ किलोवॉट थेट खोलीत आणि ८ पाण्यात. पुढे गरम पाण्यावर खोल्या तापवणारे सहा रेडिएटर, आंघोळीच्या पाण्याची २०० लिटरची टाकी, एक पंप आणि वरच्या बाजूला, तापून फुगलेलं पाणी सामावणारी उघडी एक्सपान्शन टाकी. जळण फक्त लाकूड. या मांडणीवर एक अख्खा हिवाळा आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे थंड महिने काढल्यावर मत असं झालं आहे: यंत्र उत्तम आहे, पण ते नीट चालणार की धुरातून बसणाऱ्या डांबराने भरणार, हे भट्टीपेक्षा भट्टीकडे परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. विकत घेताना याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

बंब पाहिलेल्यांना यातलं तत्त्व लगेच कळेल. बंबात मधोमध जाळ आणि भोवती पाणी. इथे भट्टीच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्याची दुहेरी भिंत असते आणि त्या भिंतीत पाणी. फरक एवढाच की बंबातलं पाणी आपण काढून वापरतो, तर बॉयलरमधलं पाणी तेच ते, वर्षानुवर्षं फिरत राहतं. ते रेडिएटरमधून जातं, टाकीतल्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून जातं आणि परत येतं. नळाला येणारं पाणी कॉइलच्या बाहेरचं, वेगळं. ही दोन पाणी कधीही एकत्र होता कामा नयेत.

आता परतीचं पाणी. लाकूड जळताना वाफ तयार होते, आणि ती अंदाजापेक्षा बरीच जास्त असते. २० टक्के ओलावा असलेलं, म्हणजे चांगलं वाळलेलं १० किलो लाकूड घेतलं तरी त्यात २ लिटर पाणी असतंच. शिवाय लाकडातला हायड्रोजन जळून आणखी ४ लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. ही सगळी वाफ धुरासोबत बॉयलरच्या पत्र्यांवरून जाते. पत्र्यामागे ३० अंशांचं पाणी असेल, तर समोर जाळ कितीही भडकलेला असो, पत्रा थंडच राहतो. त्यावर वाफ धरते, तिच्यात धुरातली आम्लं आणि डांबर मिसळतं आणि काळा, चकचकीत, खरवडून न निघणारा थर बसतो. पत्र्याला गंजही तिथूनच लागतो. परतीचं पाणी ५५ ते ६० अंशांच्या वर राहिलं की हे थांबतं.

यावर दोन उपाय आहेत. स्वस्तातला म्हणजे नळीवर बांधायचा थर्मोस्टॅट: बॉयलरमधून निघणारं पाणी ६० अंशांना पोचलं की पंप सुरू, ५० ते ५५ च्या खाली आलं की बंद. हा नसण्यापेक्षा बरा, पण अपुरा. पंप सुरू होताच सहा रेडिएटरमधलं गार पाणी एकदम बॉयलरमध्ये घुसतं, तापमान धाडकन खाली येतं, पंप बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. सकाळचा पहिला तास असाच जातो आणि तेवढ्यात डांबर आपलं काम करून घेतं. दुसरा उपाय लोडिंग व्हॉल्व्ह. हा तिहेरी व्हॉल्व्ह गरम पाण्याचा काही भाग सरळ परतीच्या नळीकडे वळवतो आणि परतीचं मिश्रण ठरलेल्या तापमानाला आल्यावरच रेडिएटरचं पाणी थोडं थोडं आत घेतो. आत बदलता येणारं थर्मोस्टॅटचं काडतूस असतं. लाकडासाठी ५५ किंवा ६० अंशांचं निवडावं. पंप अंगचाच असलेला प्रकार घेतला तर जोडणी सोपी होते. बसवणाऱ्याने हा भाग ‘नंतर बघू’ म्हणून टाळला, तर तिथेच थांबून आग्रह धरावा. हा नसेल तर बाकी कितीही काळजी घेतली तरी काचेपासून धुराड्यापर्यंत सगळं काळं होतं. गरम पाणी परतीकडे वळवणाऱ्या बायपासच्या नळीवर प्रवाह कमी-जास्त करणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह असतो, तोही नीट लावून घ्यावा. तो पूर्ण उघडा राहिला तर रेडिएटर कोमटच राहतात आणि दोष उगाच स्टोव्हला दिला जातो.

परतीच्या नळीवर एक साधा चिकटवायचा थर्मामीटर आणि धूरनळीवर चुंबकाचा एक, एवढी दोनच मापं रोज पाहावीत. एकेरी पत्र्याच्या धूरनळीचा पृष्ठभाग साधारण १२० ते २४० अंशांत असला की जाळ ठीक. त्याखाली बराच वेळ राहिला तर डांबर साठतंय, त्यावर राहिला तर उष्णता धुराड्यातून वाया चालली आहे.

लाकडाबद्दल थोडक्यात, कारण नियम एकच आहे: २० टक्क्यांच्या वर ओलावा असलेलं लाकूड आत जाऊ द्यायचं नाही. ओलावा मोजायचं यंत्र ओंडक्याच्या टोकावर टोचलं तर ते खोटं समाधान देतं, कारण टोकं आधी वाळतात. ओंडका फोडून, ताज्या चिरेच्या मधोमध, रेषांच्या दिशेने मोजावं. २० टक्क्यांच्या लाकडातून किलोमागे साधारण ४ किलोवॉट-तास मिळतात, ५० टक्क्यांच्या ओल्या लाकडातून जेमतेम सव्वादोन. म्हणजे वजन तेच, कष्ट तेच, ऊब निम्मी, आणि वर धुराड्यात डांबर.

किती लाकूड लागतं, याचा हिशेब आधी करावा. पूर्ण ताकदीवर १२ किलोवॉट बाहेर पडायचे आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ताशी १६ किलोवॉट-तासांचं, म्हणजे ४ किलो लाकूड. दिवसाला सहा तास पेटवलं तर २४ किलो, आणि १५० दिवसांचे ३,६०० किलो. कठीण लाकडाचा नीट रचलेला घनमीटर साधारण साडेचारशे-पाचशे किलो भरतो, म्हणजे सात-आठ घनमीटर. शिवाय लाकूड वाळायला एक-दोन वर्षं लागतात, तेव्हा जागा त्याच्या दुप्पट हवी, वर छप्पर आणि बाजूंनी वारा. एवढी जागा नसेल तर हा स्टोव्ह घेऊ नये, असं स्पष्टच सांगतो. आणि भट्टीत दर तासा-सव्वा तासाने जळण घालायला घरात कोणीतरी असावं लागतं. रात्री हवा बंद करून धुमसत ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. धुमसणारं लाकूड म्हणजे डांबराचा कारखाना.

गरम पाण्याच्या बाबतीत समाधान पूर्ण आहे. २०० लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला साडेदहा किलोवॉट-तास लागतात. पाण्याकडे जाणारे सगळे ८ किलोवॉट टाकीकडे वळवले तर सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ. मात्र टाकीतलं कॉइल तेवढी उष्णता घेऊ शकलं पाहिजे. कॉइल छोटं असेल तर बॉयलर ८५ वर धापा टाकतो आणि टाकी ४५ वर रेंगाळते. जुन्या टाकीला नवा स्टोव्ह जोडताना ही चूक सर्रास होते. टाकी ६० अंशांपर्यंत जाऊ द्यावी, कोमट साठ्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. आणि टाकीतून निघताना गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह जरूर बसवावा, नळाला ४८-५० अंशांचं पाणी यावं. लाकडाच्या जाळावर टाकी ७५-८० पर्यंतही जाऊ शकते आणि ते पाणी अंगावर आलं तर क्षणात भाजतं.

आता वीज जाण्याबद्दल. गॅसचा बॉयलर वीज गेली की विझतो. भट्टीतलं चार किलो जळण मात्र विझत नाही, ते पुढचा तासभर उष्णता देतच राहतं. पंप थांबलेला, पाणी जागच्या जागी उकळू लागलेलं. म्हणून बॉयलरपासून एक फेरा पंपाशिवाय, केवळ गरम पाणी वर चढतं या तत्त्वावर चालणारा हवाच. टाकी स्टोव्हपेक्षा उंचावर, २८ मिलिमीटरच्या नळ्या सतत चढत्या, मध्ये कुठेही खोलगट वळण नाही, आणि या फेऱ्यावर निदान एक रेडिएटर असा की ज्याला बंद करायची चावीच नाही. वाफ बाहेर सोडणारी उघडी नळीसुद्धा थेट वर एक्सपान्शन टाकीवर जाते आणि तिच्यावर कोणताही व्हॉल्व्ह कधीही नसावा. बंदिस्त, दाबाखालची मांडणी करायची असेल तर स्टोव्ह त्यासाठी बनवलेला असला पाहिजे: त्यात थंड पाण्याचं वेगळं कॉइल असतं आणि साधारण ९५ अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह त्यातून नळाचं पाणी सोडून बॉयलर गार करतो, शिवाय ३ बार दाबाला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह. पहिल्या आठवड्यातच, माफक जाळावर, पंपाची वीज मुद्दाम बंद करून पाहावं. वरच्या नळ्या तापत गेल्या आणि बॉयलरचं तापमान ९० च्या आत स्थिरावलं तर मांडणी बरोबर. खडखडाट ऐकू आला तर हवेची झडप बंद करून जाळ बसवावा आणि बसवणाऱ्याला परत बोलवावं.

सगळ्या रेडिएटरवर आपोआप बंद होणाऱ्या चाव्या बसवल्या असतील तर वीज असतानाही असाच प्रकार घडतो. खोल्या उबदार झाल्या, चाव्या मिटल्या, उष्णतेला जायला वाट नाही. मग स्टोव्हचा थर्मोस्टॅट हवेची झडप ओढून घेतो, जाळ गुदमरतो आणि पुन्हा डांबर. याचा खरा इलाज म्हणजे बफर टाकी, जास्तीची उष्णता गरम पाण्यात साठवून ठेवणारी. पाण्याकडच्या प्रत्येक किलोवॉटला ५० लिटर हा किमान ठोकताळा धरला तर इथे ४०० लिटर. ती ४० वरून ८० अंशांवर गेली की साडेअठरा किलोवॉट-तास साठतात, म्हणजे सव्वादोन तासांचा पूर्ण जाळ. स्टोव्ह मोकळेपणाने जळतो आणि रेडिएटर रात्री उशिरापर्यंत त्या साठ्यावर चालतात. या मांडणीत ती नाही आणि तिची उणीव सौम्य थंडीच्या दिवसांत सर्वांत जास्त जाणवली. कडक थंडीत घर सगळी उष्णता पिऊन टाकतं, तेव्हा फरक पडत नाही.

फिरत्या पाण्याची एक खूण ओळखायला शिकावी. पंप चालू असताना उघड्या नळीतून एक्सपान्शन टाकीत पाणी पडत असेल, तर पंपाची जागा किंवा वेग चुकला आहे. पाणी दर फेरीला हवा घेऊन येतं, आतून गंज सुरू होतो, रेडिएटरच्या तळाशी काळा गाळ बसतो आणि वरच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा हवा साठते. नुसती हवा काढत राहणं व्यर्थ. आधी पंपाचा वेग कमी करून पाहावा, नाहीतर त्याची जागा बदलावी. गंजरोधक द्रव सुरुवातीलाच घालावा, आणि गळती वगैरेमुळे पाणी बदललं तर पुन्हा.

देखभाल कठीण नाही, पण नेमाने करावी लागते. लाकूड राखेच्या थरावर चांगलं जळतं, म्हणून दोन-तीन सेंटिमीटर राख जाळीवर राहू द्यावी. कोळसा याच्या उलट: त्याला खालून हवा लागते, जाळी मोकळी हवी, आणि राखेचा ट्रे भरून जाळीला टेकला तर जाळी वितळून वाकते. दर आठवड्याला, स्टोव्ह पूर्ण गार असताना, भट्टीच्या आतली, जाळाच्या वरची आडवी पाटी काढून तिच्यावरची काजळी झाडावी आणि बॉयलरचे पत्रे तारेच्या ब्रशने घासावेत. काजळी उष्णता अडवते. जाळ नेहमीसारखाच असताना धूरनळी अधिक तापू लागली आणि पाणी तापायला उशीर होऊ लागला, की पत्रे घासायची वेळ झाली असं समजावं. वरच्या पाटीवर साठलेली काजळी धुराची वाट अडवते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो. त्याचा अलार्म खोलीत असलाच पाहिजे, बाहेरची हवा येणारी जाळी कधी बुजवू नये, आणि त्याच खोलीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा चालवू नये. धुराडं वर्षातून दोनदा झाडून घ्यावं.

भट्टीच्या दाराची फट हवाबंद करणारी दोरी कागदाने तपासावी. कागद दारात धरून दार लावायचं, कागद सहज ओढून निघाला तर दोरी बदलायची. काच काळी पडण्याचं कारण बहुतेक वेळा ओलं लाकूड किंवा कोंडलेली हवा हेच असतं. ओल्या कागदाला बारीक राख लावून पुसली की निघते.

थंडी संपल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी म्हटलं तरी चालेल, सगळी राख आणि काजळी काढून टाकावी. दमट हवेत हीच राख पाणी ओढते आणि पावसाळाभर पत्रा खात बसते. दार आणि हवेची झडप किंचित उघडी ठेवावी म्हणजे आत हवा खेळती राहील. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, दगडावर ठेवावी. वरून थंड दिसली तरी पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो.