तानपुऱ्याच्या अ‍ॅपला दोन हजार मोजावेत का?

मोबाइलच्या अ‍ॅपला पैसे दिले म्हटलं की आमच्याकडे अजूनही सगळे असे बघतात जणू देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला पाचशेची नोट देऊन आलोय. फुकट ते पौष्टिक हे मलाही मान्यच आहे, व्हीएलसी वर्षानुवर्षं फुकट वापरतोय, आत्ता हे जीबोर्डवर टाइप करतोय तेही फुकटच, त्यामुळे हा काही कुठल्या उधळ्या माणसाचा रिव्ह्यू नाही. पण एक अ‍ॅप विकत घेतलंय आणि त्या पैशांबद्दल एकदाही चुटपुट लागली नाही, ते म्हणजे आयतबला प्रो.

ज्यांना गाण्याशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी, रियाजाला बसायचं तर मागे तानपुरा लागतो, आणि बंदिश म्हणायची तर तबल्याचा ठेका. या अ‍ॅपमध्ये दोन तानपुरे, सूरपेटी, तबला, मंजिरी, स्वरमंडळ असं सगळं एकत्र आहे. आयफोनवर आहे, एकदाच पैसे भरायचे, किंमत अमेरिकेत २५ डॉलरच्या आसपास म्हणजे रुपयांत दोन हजारांच्या आगेमागे. हा आकडा ऐकून आमच्या क्लासमधल्या एकाने कपाळाला हात लावला, "अरे तेवढ्यात महिन्याचं दूध येतं!" येतं ना. पण तुलना दुधाशी कशाला, तानपुऱ्याशी करा की. मिरजेचा चांगला तानपुरा घ्यायला गेलात तर वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच बोलणं सुरू होतं (आणि ते योग्यच आहे, पिढ्यानपिढ्यांची कारागिरी आहे ती, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय). शिवाय घरी आणल्यावर तो ठेवायचा कुठे, वन बीएचकेमध्ये भोपळ्याला कोणाचा धक्का लागेल या धास्तीतच रियाज व्हायचा, आणि लावायला कान तयार हवा तो नवशिक्याकडे नसतोच. दुसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी, बेंगळुरूच्या राडेल कंपनीची रागिणी आपल्याकडच्या किती क्लासमध्ये दिसते, मजबूत वस्तू आहे, पण तिलाही काही हजार लागतात आणि तबल्याची पेटी परत वेगळी. या हिशोबात दोन हजार म्हणजे स्वस्तच पडतं.

आता फुकटची अ‍ॅपं. प्ले स्टोअरवर तानपुरा शोधलं तर ढीग पडलाय. त्यातली बरीचशी जाहिरातींवर चालतात आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. बाकी कुठल्या अ‍ॅपमध्ये जाहिरात आली तर आपण वैतागतो आणि पुढे जातो. तानपुऱ्याचं कामच मुळी न थांबता वाजत राहणं. तुम्ही डोळे मिटून मंद्रातला षड्ज, म्हणजे खालचा सा, लावून बसलाय, श्वास टिकलाय, आवाज आत्ता कुठे मिसळायला लागलाय, आणि मध्येच कोणीतरी ओरडून रमी खेळायला बोलावतं, झालं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पैसे जास्तीच्या फीचरचे नाहीतच, अ‍ॅपने मध्ये तोंड घालू नये याचे आहेत.

फीचरचं म्हणाल तर मला खरोखर उपयोगी पडलेल्या गोष्टी दोनच. एक, सूर बारीक फिरवता येतो. माझा सूर काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, पण आमच्या गाण्याच्या बाईंची पेटी (हार्मोनियम) जुनी आहे, ती अ‍ॅपच्या काळी एकपेक्षा जराशी चढी बोलते, मग सेंटमध्ये (हे सुराचं बारीक माप) थोडं वर सरकवलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात, नाहीतर पेटी आणि तानपुरा शेजारी ठेवले की कानात किडा वळवळल्यासारखं होतं. तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचंही तसंच, एरवी पंचम म्हणजे प, मालकंस रागाला मध्यम म्हणजे म, मारवा-पुरिया रागांना निषाद म्हणजे नी, हे बदलायला दोन टिचक्या लागतात. बायको भजनी मंडळात गाते, तिचा सूर काळी पाच, तिचं सगळं वेगळं सेव्ह करून ठेवलंय.

दुसरी गोष्ट विलंबित, म्हणजे अगदी संथ लय. साधी अ‍ॅपं मध्यलयीतला तीनताल छान वाजवतात, तिथे फरक कळतच नाही. विलंबित एकताल लावून बघा. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण-एक मिनिट चालतं, आणि ज्या अ‍ॅपने एकच रेकॉर्डिंग ताणून हळू केलंय तिथे धिं असा लांबतो की तबलजीला झोप लागली की काय असं वाटावं. इथे बोल सुटे ऐकू येतात, तिरकिट तिरकिटासारखं वाजतं, त्यामुळे आपण कितव्या मात्रेवर आहोत ते समजतं. विलंबित ख्याल शिकणाऱ्याला एवढं पुरेसं आहे.

बरं, सगळं गोडगोड नाही. अ‍ॅपचा तबला तुमचं काही ऐकत नाही. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, चुकलात तर समोरचा तबलजी हसून सांभाळून घेतो, हा आपला पुढच्या आवर्तनात निघून जातो. एका अर्थी बरंच आहे, लाड होत नाहीत, पण नुसत्या अ‍ॅपवर वाढलेला माणूस माणसासोबत गायला बसला की गडबडतो हे क्लासमध्ये पाहिलंय. आणि फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही हो, षड्जाची खालची तार नुसती खरखरते, अ‍ॅप कितीही भारी असू दे. एखादा बरा ब्लूटूथ स्पीकर घ्यावाच लागतो, तो खर्च आधीच धरून ठेवा.

गाणाऱ्याचं ऐकणारं अ‍ॅप पाहिजे तर पुण्याच्या संदीप रानडे यांचं नादसाधना आहे, त्याला २०२१ मध्ये अ‍ॅपलचं डिझाइन अवॉर्ड मिळालं, आपला माणूस म्हणून छाती फुगली होती तेव्हा. ते तुमचा आवाज ऐकत ऐकत मागे साथ तयार करतं आणि सूर कुठे हलला तेही दाखवतं. बघताना थक्क व्हायला होतं. पण ते ज्याला रेकॉर्ड करायचंय, नवीन काही बांधायचंय त्याच्यासाठी, आणि तिथे ब्लूटूथ चालत नाही, आवाज पोचायला उशीर होतो, वायरवालेच हेडफोन लावा. माझ्यासारख्या चाळिशीनंतर सा लावायला बसलेल्याला एवढ्याची गरज नाही.

सबस्क्रिप्शनवाल्या शिकवणाऱ्या अ‍ॅपांबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. स्क्रीनवर रेघ दिसते, तुमचा आवाज रेघेवर आला की शाबासकी. पहिले काही दिवस मजा येते, सूर वर-खाली होतोय हे दिसतं तरी, हे कबूल. पण मग आपण ऐकायचं सोडून बघायला लागतो. आणि दरबारी रागाचा गंधार (ग) घ्या, तो आंदोलित म्हणजे झुलता, नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला, तो रेघेवर सरळ बसला तर दरबारी उरलीच कुठे. ते अ‍ॅपला पटणार नाही. यासाठी दरवर्षी पैसे? त्यापेक्षा महिन्याला दोन तास जास्तीची शिकवणी लावा. आमच्या एका मित्राने असंच वर्षाचं घेतलं, गणपतीपर्यंत जोरात, नवरात्रात थंड, मग अ‍ॅप उडवून टाकलं आणि पुढच्या वर्षी पैसे परत कापले गेले, कारण अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, ते स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑटोपेचे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो न वाचता स्वाइप करू नका.

एकदाच पैसे भरायच्या अ‍ॅपातही धोका आहेच. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हा ३२ बिटची जुनी अ‍ॅपं एका झटक्यात बंद पडली, त्यात लोकांनी विकत घेतलेलीही होती. बनवणाऱ्याने अपडेट देणं थांबवलं की तुमची पावती घेऊन कुठे जाणार? त्यामुळे मी तरी आधी बघतो शेवटचं अपडेट कधी आलंय, दोन-तीन वर्षं झाली असतील तर दहा रुपयेही नाही. उलट दहा वर्षांहून जास्त चालत आलेल्या अ‍ॅपने उद्या नवीन व्हर्जनचे पुन्हा पैसे मागितले तर मी कुरकुर न करता देईन, तो माणूस तरी किती वर्षं एका पावतीवर काम करणार.

घ्यायचंच ठरवलं तर, आयफोनवर फॅमिली शेअरिंग चालू असेल तर विकत घेतलेली बरीच अ‍ॅपं घरच्या आणखी पाच जणांना वापरता येतात. प्ले स्टोअरवर फॅमिली लायब्ररी आहे, तिथेही पाच जण, पण अ‍ॅपच्या आत घेतलेल्या गोष्टी त्यात येत नाहीत. आवडलं नाही तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत रिफंड मागा, अ‍ॅपलकडेही अर्ज करता येतो पण द्यायचा की नाही ते तेच ठरवतात. आणि अँड्रॉइडवर घेतलेलं आयफोनवर जात नाही, फोन बदलायचा विचार असेल तर थांबा जरा.

अँड्रॉइडवाल्यांनो, नुसता तानपुरा हवा असेल तर तानपुरा ड्रॉइड फुकट आहे आणि आवाज खरंच चांगला आहे, त्यावर आरामात भागेल, तिथे उगाच पैसे घालू नका. तबल्यासकट हवं असेल आणि रोज बसणार असाल तरच विकतच्या अ‍ॅपकडे वळा. आणि कुठलंही घ्या, घरात जुना फोन पडला असेल तर सिम काढून त्यातच टाका, कारण कितीही महागडं अ‍ॅप असलं तरी रियाज चालू असताना येणारा पर्सनल लोनवाल्यांचा फोन काही ते थांबवत नाही.