इग्वाना की बिअर्डेड ड्रॅगन : नागपूरच्या घरात कोण निभेल?

दुकानातला इग्वाना, म्हणजे परदेशी सरडा, वीतभर असतो. पोपटी रंग, टपोरे डोळे, तळहातावर ठेवला की बोट घट्ट धरून बसतो. मीही त्यालाच भुललो. तीन-चार वर्षांत तो शेपटीसकट चार फुटांच्या आसपास जातो आणि पूर्ण वाढीचा नर पाच-सहा फुटांचा होतो, हे मला घरी आणल्यावर कळलं. आमच्याकडे इग्वाना नऊ वर्षं होता. मित्र बंगळुरूला गेला तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, त्याचा बिअर्डेड ड्रॅगनही (हाही परदेशी सरडाच) आमच्याकडेच आहे. परवा दहावीतल्या भाच्याने विचारलं, "मामा, दोघांपैकी कोणता घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

जागेचा निकाल लगेच लागतो. ड्रॅगन जास्तीत जास्त दोन फुटांचा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटीत आयुष्य काढतो, कारण तो जमिनीवरचा जीव. इग्वाना झाडावरचा. त्याला उंची लागते, म्हणजे गोदरेजच्या कपाटाहून मोठा पिंजरा आणि आत जाड फांद्या. आमची मागची खोली त्यातच गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असाल तर इग्वानाचं नावही काढू नका. घरमालक पाल सहन करतो, पाच फुटांची नाही.

वयाचा हिशोबही करा. ड्रॅगन आठ ते बारा वर्षं जगतो, इग्वाना बारा ते वीस. दहावीतलं पोरगं दोन वर्षांत इंजिनिअरिंगला पुण्याला जातं आणि प्राणी आईच्या गळ्यात पडतो. म्हणून भाच्याआधी मी ताईशी बोललो.

आता खरा मुद्दा, हवामान. परदेशी व्हिडिओ पाहून आपण तयारी करतो, पण ते नागपूरसाठी बनवलेले नसतात. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान होतं आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. एकाच शहरातले हे आकडे आहेत, आणि हे दोन्ही प्राणी अंगातली उष्णता स्वतः तयार करत नाहीत.

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतला. ऑगस्टमध्ये आमचा इग्वाना सगळ्यात खुशीत असायचा. भिंतींना ओल, कपड्यांना वास, आणि हा फांदीवर लोळतोय. मे महिन्यात मात्र कोरड्या हवेने त्याची कात नीट सुटायची नाही. बोटांवर, शेपटीच्या टोकावर जुन्या कातेची कडी राहतात, ती आवळत जातात आणि टोक वाळून गळून पडतं. कूलरने आम्हाला वाचवलं. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा त्याच्या खोलीत सोडायची आणि दिवसातून दोनदा पाणी फवारायचं.

ड्रॅगनचं नेमकं उलटं. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्याकडे बघावंसुद्धा लागत नाही. पावसाळ्यात दमट हवेने छातीचा त्रास होऊ शकतो, म्हणून पेटीतली हवा खेळती ठेवायची, पाण्याचं भांडं लहान ठेवायचं आणि कूलरचा झोत चुकूनही त्याच्यावर येऊ द्यायचा नाही. "वाळवंटातला आहे, त्याला उन्हाचं काय?" हे मी फार ऐकलंय. वाळवंटात तो दुपारी बिळात किंवा सावलीत असतो हो! मे महिन्यात गच्चीवर काचेच्या पेटीत ठेवलात तर अर्ध्या तासात भट्टी होते.

हिवाळ्यात दोघांनाही ऊब लागते, पण इग्वानाला फार. त्याच्याकडे रात्रीसुद्धा २४ अंशांच्या खाली जाऊन चालत नाही. फ्लोरिडात थंडीची लाट आली की सोडून दिलेल्या इग्वानांचे वंशज गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. आमच्याकडे डिसेंबरात दिवसा १०० वॅटचा दिवा बारा तास आणि रात्री १५० वॅटचा सिरॅमिक हीटर बारा तास चालायचा. म्हणजे रोजचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद. थर्मोस्टॅट लावला तर थोडे कमी. एकदा पहाटे वीज गेली तेव्हा पंखे-दिवे सगळे बंद करून इन्व्हर्टरवर फक्त त्याचा हीटर चालवला आणि आम्ही अंधारात रजया घेऊन बसलो. ड्रॅगनला रात्री १८-२० अंश चालतात, त्याची लहान पेटी गरमही लवकर होते.

ऊब आणि ऊन एक नाही, हे मात्र दोघांनाही लागू. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात अतिनील ‘बी’ किरण जवळजवळ नसतात, आणि त्यांच्याशिवाय अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग लहान मुलांना मुडदूस होतो तसं होतं: जबडा मऊ, पाय वाकडे, हात थरथरतात. हे किरण देणारी यूव्हीबी ट्यूब लागतेच, आणि ती पेटलेली दिसली तरी सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते, कारण उजेड राहतो आणि किरण संपतात.

खाण्यात इग्वाना जिंकतो, निदान आमच्यासारख्या शाकाहारी घरात. निव्वळ पाला. शेवग्याची पानं हे त्याचं पंचपक्वान्न, सोबत जास्वंदीची फुलं, लाल भोपळा, दोडका, थोडा सांभार (कोथिंबीर). पालक आणि अंबाडी क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. अंडी-मांस अजिबात नको, मूत्रपिंडं जातात. ड्रॅगन मोठा झाला की बराच पाला खातो, पण पिल्लू असताना मुख्यतः जिवंत किडे: रातकिडे, डुबिया झुरळं. ही झुरळं घरात पाळावी लागतात. आमचा डबा देवघरापासून सगळ्यात लांब, जिन्याखाली आहे, तरी आईने अजून माफ केलेलं नाही.

स्वभावात तुलनाच नाही. ड्रॅगन खांद्यावर बसून राहतो, कधी एक हात उचलून टाटा केल्यासारखा हलवतो. इग्वाना सवय झाली तर सहन करतो, बस. शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, नखं खोल जातात, आणि वयात आलेले नर विणीच्या हंगामात मालकावरही धावतात. आमच्या इग्वानाचं नाव आम्ही बाजीराव ठेवलं होतं. चौथ्या वर्षी बाजीरावांना अंडी झाली. मादीला नर नसतानाही अंडी होतात, आणि उकरायला माती मिळाली नाही तर ती आत अडकतात. त्या आठवड्यात तीन डॉक्टरांनी हात वर केले, चौथ्याने शस्त्रक्रिया केली. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शहरात पुष्कळ आहेत, सरपटणाऱ्यांना हात लावणारे मोजके. तेव्हा आधी डॉक्टर शोधा, मग प्राणी. दोघांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर तेवढी वर्षं थांबाच, आणि त्यांची भांडी स्वयंपाकघरात कधीच धुवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. ग्रीन इग्वाना सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा "कागद काहून पाहिजे?" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. ड्रॅगन घेतानाही शास्त्रीय नाव विचारून अनुसूचीत तपासा.

आणि शेतातली घोरपड? "फुकट मिळते, तीच पाळू" म्हणणारे भेटतात. ती पहिल्या अनुसूचीत आहे: तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. अंगणात आलीच तर वनविभागाला किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला) कळवा.

माझं मत विचाराल तर स्वतःचं घर, रिकामी खोली आणि वीस वर्षं घरातच राहणारं माणूस असेल तरच इग्वाना. नाहीतर ड्रॅगन, तोही झुरळांचा डबा सगळ्यांनी मान्य केल्यावर. भाच्याला दोन्ही अटी ऐकवल्या, तरी तो इग्वानावरच अडून आहे. मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस रत्नागिरीला जातोय. घराची किल्ली त्याच्याकडे देणार आहे, आणि डबाही.