फोटोत गुच्छ, खोक्यात भुसा

ऑनलाइन मागवलेल्या सुक्या फुलांच्या गुच्छाचं खोकं उचललं तेव्हाच आत काहीतरी खुळखुळलं. उघडलं तर तळाशी मूठभर चुरा, वर पाच-सहा काड्या आणि फोटोत ज्याचे झुपकेच्या झुपके होते ते पिसासारख्या तुऱ्यांचं पंपास गवत नावापुरतं. टेबल भरून टाकणारा गुच्छ पाणी प्यायच्या पेल्यात मावला.

मग वर्णन पुन्हा वाचलं, या वेळी नीट. 'उंची 45 सेंटीमीटर'. टेप लावली, 45 भरले. पण त्यातले 30 नुसते देठ! घेर किती, काड्या किती, याचा उल्लेखच नाही. फोटोत शेजारी कप किंवा पुस्तकही नव्हतं, म्हणजे आकाराचा अंदाज येऊच नये अशी व्यवस्था.

दुसरी चूक शब्दांची. मथळ्यात 'ड्राइड' आणि खाली 'प्रिझर्व्ह्ड' असं होतं, मी दोन्ही एकच धरून चालले. उलटं टांगून हवेत वाळवलेलं फूल ठिसूळ असतं. स्टॅटिससारखी काही फुलं रंग धरून ठेवतात, लाल गुलाब मात्र काळपट होत जातो. प्रिझर्व्ह्ड म्हणजे बहुतेकदा ग्लिसरीन मुरवलेलं. त्याचं पान वाकतं, मोडत नाही, आणि किंमतही जास्त असते. मी पैसे मोजले प्रिझर्व्ह्डचे, हातात आलं ते बोट लागताच तुटणारं. त्यात जिप्सोफिला निळं. हे फूल मुळात पांढरं नाहीतर गुलाबी, निळं म्हटलं की रंगवलेलंच. दमट हवेत तो रंग टेबलक्लॉथवर उतरला. दोन गुलाब तर चक्क कापडी निघाले. पाकळी उजेडात धरली आणि वीण दिसली.

तक्रार केली. उत्तर तयारच होतं: "मॅडम, नैसर्गिक वस्तू आहे, थोडाफार फरक राहणारच." कापडाचा गुलाब कुठल्या निसर्गात उगवतो, हे विचारल्यावर खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो मी काढलाच नव्हता. नाजूक माल परत घेत नाही, ही ओळ पानाच्या पार तळाशी सापडली. शेवटी म्हणे, दुसरा गुच्छ पाठवतो, फक्त पाठवणीचे पैसे साइटवरून न देता थेट खात्यात टाका. तिथे मात्र मी शहाणी झाले.

तोच फोटो इमेज सर्चला टाकला, तर चार दुकानांत तोच गुच्छ, मागे तोच पडदा. हे मी आधी करायला हवं होतं. आता कुणाकडूनही घेताना हातात धरलेल्या गुच्छाचा आजचा फोटो मागते. टाळाटाळ झाली की विषय संपला.

माझा एक तारा आणि चुऱ्याचा फोटो अजून त्या पानावर आहे. त्याच्या वर आता 'खूप सुंदर' म्हणणारे आठ अभिप्राय आलेत. एकातही फोटो नाही.