फ्रेअरसाहेबांची कैफियत आणि मोती चौकातलं बाइंडिंग

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका बोळात बाइंडिंगचं दुकान आहे. पाटी पुसलेली, खळीच्या वासावरून शोधायचं. तिथे मी दोन खंड बांधून घेतले, त्याचा हा अनुभव.

खंड म्हणजे सर बार्टल फ्रेअरचं इंग्रजी चरित्र, मूळ १८९५ चं. मी ऑनलाइन मागवलं ते हल्लीचं पुनर्मुद्रण. कुणाचं ते सांगत नाही, पण पैसे पाण्यात. पाठ नुसती गोंदाची. झुलू युद्धापर्यंत पोचेतो पानं हातात आली. घडीचा नकाशा तर उघडायचेही कष्ट घेतलेले नाहीत, घडीसकट स्कॅन!

एवढा खटाटोप कशाला? तर हा माणूस आपल्याकडे, साताऱ्याच्या दरबारी, रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता. एप्रिल १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. फ्रेअरने तो दत्तक मानावा म्हणून वर लिहिलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ऐकलं नाही, राज्य खालसा केलं. मग त्याच फ्रेअरला कमिशनर नेमलं आणि त्याने कारभार मुकाट चालवला.

पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. नाव गेलं ते आफ्रिकेत. डिसेंबर १८७८ मध्ये झुलू राजा सेत्श्वायोला खलिता धाडला : सैन्य मोड, नाहीतर लढाई. लंडनच्या सरकारला तेव्हा ही लढाई नको होती. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला इंग्रजांची छावणी कापली गेली. १८८० मध्ये साहेबांना परत बोलावलं, १८८४ मध्ये ते गेले.

मागे राहिली बायको कॅथरीन, ती स्वतः मुंबईच्याच एका गव्हर्नरची मुलगी. आणि थोरली मेरी, जिने आयाकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी १८६८ मध्ये छापल्या होत्या. १८८८ मध्ये लंडनला थेम्सकाठी पुतळा उभा राहिला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. त्यानंतर हे दोन खंड, पत्रांवर पत्रं रचून.

मी एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचा लेखी बचाव, म्हणून पाहिलं तर मसुदा पक्का आहे, आरोपागणिक कागद जोडलेला. फक्त उलटतपास नाही. सेत्श्वायोच्या बाजूने कोण उभं राहणार? आणि आपल्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजींनी लंडनला चौदा-एक वर्षं हेलपाटे घातले. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले तरी हा माणूस तिथेच. पदरात काही पडलं नाही. वर १८५७ मध्ये गेंडामाळावर मारलेल्या सतरा जणांत त्यांचा मुलगा. पुतळा-खंड वगैरे दूरच.

असो, बाइंडिंग. बाइंडरकाकांनी खंड उलटून पाहिला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ही सुटी पानं. जुजबंदी, म्हंजे घड्यांची शिलाई, नाय व्हायची. कडेनं भोकं पाडून शिवतो, पण आतला समास खाल्ला जाईल." आधी सांगितलं, हे महत्त्वाचं. शिलाई अशी की खंड पाठीला धरून लोंबकळवला तरी पान हलत नाही. कोपऱ्यांना कापड, पुठ्ठा जाड. पण पुस्तक सपाट उघडत नाही, अंगठा दाबूनच वाचावं लागतं, आणि काही पानांवर ओळींची सुरुवात शिलाईत गेली आहे. आठ दिवस सांगून बावीस दिवस लावले. फोन उचलत नाहीत. पैसे रोख, खंडाला साडेतीनशे.

एक घोटाळा झाला. पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव टाकताना 'फ्रे'चा र सुटला. दोन्ही खंडांवर 'सर बार्टल फेअर'. फ्रेअरच्या घरच्यांनी पाहिलं असतं तर बाइंडरला बक्षीस दिलं असतं! काका ओशाळले, म्हणाले, दोन्ही फुकट बदलून देतो. मी आफ्रिकेचा खंड बदलून घेतला. साताऱ्याचा म्हटलं राहू दे तसाच.