सिंकखालचे आरओ यंत्र: वाघोलीतील बोअरच्या पाण्यावर १४ महिने

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, तरी आमच्या सोसायटीच्या टाकीत आजही बोअरचे आणि टँकरचेच पाणी पडते. टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते दाखवणारा मीटर लावला की निव्वळ बोअरच्या पाण्याला ९६०च्या आसपास आणि टँकर मिसळल्यावर ६०० ते ७०० असा आकडा येतो. चहावर तवंग धरतो, कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो आणि तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही कणीदार राहते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. आमच्यासाठी आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार वेगळे करणारे यंत्र घेण्याचे कारण एवढेच होते. ज्यांच्या घरी खडकवासल्याचे पाणी येते त्यांच्याकडे हा आकडा ५०० च्या पुष्कळ खाली असतो, आणि त्यांनी हे यंत्र घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश दिले होते.

खरेदीपूर्वी एक विक्रेता घरी येऊन दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवून गेला. आमच्या नळाचे पाणी तांबूस गढूळ झाले, त्याचे शुद्ध पाणी तसेच राहिले आणि आई घाबरून गेली. वास्तविक क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे कांडीचेच लोखंड झिजून पाण्यात उतरते. त्या रंगाचा पाण्यातील घाणीशी संबंध नसतो. हे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

आम्ही घेतलेल्या यंत्रात गाळाची गाळणी, कार्बन, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन क्षमतेचा) मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पडदा, २४ व्होल्टचा पंप, शेवटचा कार्बन आणि हवेच्या दाबाची १२ लिटरची पोलादी टाकी आहे. किंमत १६,५०० रुपये पडली. भिंतीवरच्या यंत्राऐवजी सिंकखालचे निवडले, कारण ओट्यावरची भिंत मोकळी राहते आणि बंद टाकीत झुरळ किंवा धूळ जाण्याची भीती नसते. टाकी १२ लिटरची म्हणतात, पण आतील रबरी पिशवीमागे हवा असल्यामुळे प्रत्यक्षात आठ लिटरच्या आसपास पाणी मिळते, हे आधीच लक्षात घ्यावे. चौघांच्या घराला तेवढे पुरते.

यंत्र चांगले आहे. जे काही बिघडले ते बसवताना बिघडले. ओट्याच्या ग्रॅनाइटला नळासाठी १२ मिलिमीटरचे छिद्र पाडायचे होते आणि आलेला कारागीर भिंतीला वापरतात तोच ठोके देणारा ड्रिल घेऊन आला होता. सिंकच्या कडेला ग्रॅनाइटची पट्टी अरुंद असते आणि तेथे ठोका बसला की दगड तडकतो, म्हणून मी त्याला थांबवले. दुसऱ्या दिवशी तो हिऱ्याचा बिट घेऊन आला आणि छिद्रावर पाणी सोडत, ठोके बंद ठेवून त्याने पंधरा मिनिटांत स्वच्छ काम केले. नळ सिंकच्या कोपऱ्यात अशा जागी बसवून घेतला की त्याचे तोंड सिंकवर वळते आणि कळशी सिंकमध्ये ठेवून भरता येते. ओट्यावर ठेवलेली कळशी त्याखाली मावली नसती.

दुसरी चूक तीन दिवसांनी कळली. पाव इंची नळी कात्रीने तिरकी कापून जोडात खुपसलेली होती, त्यामुळे तिची कड आतल्या रबरी कडीवर नीट टेकत नव्हती आणि थेंब थेंब पाणी कचऱ्याच्या डब्यामागे झिरपत होते. दिसेपर्यंत ट्रॉलीच्या तळाचे प्लायवूड एका कडेला फुगले. नळी धारदार पात्याने काटकोनात कापून पुन्हा बसवली, तेव्हा गळती थांबली. भिंतीवरचे यंत्र गळले तर ते लगेच दिसते, सिंकखालचे गळले तर दिसत नाही, म्हणून पहिले आठ दिवस प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून रोज पाहावे, आणि विजेचा सॉकेट कपाटाच्या तळाशी नव्हे तर शक्य तितका वर घ्यावा. आम्ही आता यंत्राखाली एक ट्रे आणि गळती झाल्यास पाणी आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे.

पाण्याचा दाबही तपासावा. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो आणि गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम तीन मीटर आहे. मेम्ब्रेनला लागणारा दाब पंप निर्माण करतो खरा, पण त्याच्या तोंडाशी पाणी तरी पोहोचले पाहिजे. गच्चीवरची टाकी अर्ध्यावर आली की कमी दाबाचा स्विच यंत्र बंद करत असे. गाळाच्या गाळणीचा भाग दर तीन महिन्यांनी बदलू लागल्यापासून हा त्रास जवळपास संपला.

मेम्ब्रेनमधून ९६०चे पाणी ६५ वर येते. ते पिण्यास अळणी लागते, म्हणून थोडे न गाळलेले पाणी मिसळणारा स्क्रू फिरवून मी १२० वर ठेवले आहे. मात्र हे मिश्रण मेम्ब्रेनला वगळून येते, त्यामुळे त्यापुढे जंतू मारणारा यूव्ही दिवा असल्याशिवाय ही सोय वापरू नये. आम्ही तो वेगळा लावून घेतला. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही.

सर्वांत अधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे वाया जाणारे पाणी. बादली लावून मोजले तेव्हा एक लिटर शुद्ध पाण्यामागे २.४ लिटर बाहेर पडत होते. टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत हे पाणी सरळ सांडपाण्यात सोडणे मला पटले नाही. कारागीर ती नळी सिंकच्या पाइपला जोडून मोकळा होणार होता. मी ती ड्राय बाल्कनीतील ५० लिटरच्या पिंपापर्यंत नेली. त्या पाण्याचा टीडीएस १३३० भरतो, त्यामुळे कुंड्यांना ते घालत नाही आणि स्टीलच्या भांड्यांवर त्याचे पांढरे डाग उरतात, पण फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते उत्तम चालते. पिंप भरले की दुपारी बाई सर्वांत आधी तेच पाणी वापरतात.

दहाव्या महिन्यात नळाची धार अचानक बारीक झाली आणि सेवा केंद्राने मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च सांगितला. टीडीएस तर पूर्वीइतकाच होता, मग मेम्ब्रेन खराब कसा? यंत्राकडे येणारे पाणी बंद करून टाकी पूर्ण रिकामी केली आणि तिच्या बुंध्याशी असलेल्या व्हॉल्व्हवर टायरचा गेज लावला, तर तेथे जवळपास हवाच नव्हती. सायकलच्या पंपाने ७ पीएसआयपर्यंत हवा भरली आणि धार पहिल्यासारखी झाली. मेम्ब्रेन अजून पहिलाच आहे.